दंडावरचा वण

बुरशीच्या वॉर्डात शिरताना प्रत्येकाला बाही वर करून बुरशीच्या लशीचा वण दाखवावा लागे. इंदुमतीबाईंचा दंड बघून नवी नर्स हसली. "आजी, हा लहानपणचा देवीचा वण. बुरशीचा कुठंय?"

"म्हाताऱ्या कातड्यावर उठत नाही म्हणे. डॉक्टर वत्सलानंच टोचलीय, नव्या लशीच्या चाचणीत. तिच्या चिठ्ठीवर रोज सोडतात मला."

कुठल्याच औषधाला न जुमानणारी बुरशी त्यांच्या धाकट्या बहिणीच्या फुफ्फुसात होती. लशीच्या भरवशावर इंदुमतीबाई तिला मास्क न लावता भरवत.

तेवढ्यात वत्सला आली. शाळेपासूनची मैत्रीण. नर्सचा प्रश्न तिनं दारातून ऐकला होता; तिची मान खाली गेली.

"इंदू, तुला मिठाचं पाणी टोचलं गेलं. निम्म्यांना तेच देतात."

"निम्म्यांना देतात ते ठाऊक आहे, सही केली होती. पण मला तेच मिळालंय, हे तुला कधी कळलं?"

"दिवाळीत."

"आणि तरी चिठ्ठ्या देत राहिलीस?"

"लस नसलेलं आत बसणारं दुसरं कुणी नव्हतं गं. लस घेतलेल्यांची तुलना कुणाशी करणार?"

इंदुमतीबाईंनी बाही खाली केली. "शाळेत देवी टोचायला आले तेव्हा तू रडत होतीस. तुझ्याआधी मी दंड पुढे केला होता." बोलता बोलता त्यांना खोकला आला.

वत्सलानं खिशातून पेन काढलं. "खोकला कधीपासून आहे?"