मिटल्या डोळ्यांचा गोलकीपर

"मावशी, हे तर अगदीच टाकाऊ आहे," तो म्हणाला, आणि अल्बमचं पान त्याने बोटाच्या टोकाने असं उलटलं, जणू खाली झुरळ बसलं असावं.

मावशी म्हणायचं हे त्याने दारातच ठरवलं होतं. चपलेला टाका घातलेला दिसला की मावशी, घराला लिफ्ट असली की मॅडम. खेळाडूंची जुनी कार्डं आणि पोस्टकार्डं विकत घेण्याच्या धंद्यात त्याला एकच कला साधली होती, नाक मुरडण्याची. जे हवं त्याला नावं ठेवायची, जे नको त्याची तारीफ करायची, आणि मग एक दिवस तोंड दाखवायचं नाही. तेवढ्यात समोरचा आपणहून खाली येतो, असा त्याचा अनुभव होता. माणसांविषयीचे त्याचे सगळेच अनुभव या जातीचे होते.

बाई घर आवरत होत्या. मुलीकडे कायमचं राहायला जायचं होतं आणि तिथे कपाट एकच मिळणार होतं. आजोबांचा अल्बम मात्र टाकवत नव्हता. आजोबांच्या काळी सिगारेटच्या प्रत्येक पाकिटात एका खेळाडूचं रंगीत कार्ड निघे. ती त्यांनी सगळी चिकटवून ठेवली होती.

"आजोबा स्वतः खेळायचे?" त्याने विचारलं.

"छे हो. खोकायचे."

तो हसला नाही. पुढच्या पानावर त्याची नजर अडकली होती.

पट्ट्यापट्ट्यांची जर्सी, छातीशी धरलेला चेंडू, आणि मिटलेले डोळे.

या गोलकीपरचं उघड्या डोळ्यांचं कार्ड गल्लोगल्ली मिळे. पण त्याआधी मिटल्या डोळ्यांचं एक छापलं गेलं होतं, चूक कळल्यावर कंपनीने गठ्ठेच्या गठ्ठे जाळले, आणि त्यातलं एखादं तरी वाचलं असणार, असं तो संग्राहकांच्या मंडळात वर्षानुवर्षं सांगत आला होता. ते कोणीच पाहिलं नव्हतं. खरं तर त्यानेही नाही. मंडळींनी त्याचं नाव 'ध्यानस्थ' पाडलं होतं. "या ध्यानस्थ, उघडले का हो डोळे?" अशी चौकशी प्रत्येक बैठकीला व्हायची आणि सगळे पोट धरून हसायचे. त्याला एकदाच, फक्त एकदाच, ते कार्ड टेबलावर ठेवून गप्प बसायचं होतं. बैठक या रविवारीच होती.

छाती धडधडायला लागली, म्हणून त्याने जांभई दिली.

"हा बघा. झोपलाय! असल्या मालाला आमच्यात कोणी हुंगतसुद्धा नाही."

बाईंनी वाकून पाहिलं. "अगंबाई, खरंच की! एवढी वर्षं घरात आहे, पण या चेंडूवाल्यांकडे कोण निरखून बघतंय?"

"याच्यापायी बाकीच्यांचीही किंमत जाते, मावशी."

"मग काढूनच टाकते." त्यांनी कोपऱ्याखाली नख घातलं.

"अहो, राहू द्या!" तो ओरडलाच. मग घसा खाकरून म्हणाला, "संच मोडतो ना. असू दे. आंधळा का होईना, जागा भरतो."

"बिचारा," बाई म्हणाल्या. गोलकीपरला.

"डोळे उघडे असते तर गोष्ट वेगळी होती," त्याने सुस्कारा टाकला. सुस्काराही धंद्यातलाच. "तुमच्या आजोबांचं नाव झालं असतं."

मग त्याने पोस्टकार्डांचा डबा पुढे ओढला. समुद्रकिनारे, बोटी, बँडवाले. भंगारवाल्यानेही दोनदा विचार केला असता. "हा खरा माल! याचे मी चांगले देतो. अल्बम आपला वरून घाला."

"म्हणजे आजोबांचं फुकट?"

"फुकट कसं? उचलून नेतोय ना मी."

जाता जाता भिंतीवरच्या फोटोंकडे बघून त्याने विचारलं, "एवढी कोणाची लग्नं ही?"

"कोणाची कोण जाणे. मी फोटो स्टुडिओत होते ना, तो बंद झाला तेव्हा मालकांनी दिले हे नमुने."

"तुम्ही काय, पावत्या फाडायला?"

"नाही, आत बसायचे. खिडकीपाशी."

बायका कुठे बसायच्या याच्याशी त्याला काय करायचंय? परवा येतो म्हणून तो निघाला.

परवा तो आला तेव्हा अल्बम कागदात गुंडाळून, सुतळीने बांधून तयार होता. बाईंचा चेहरा उजळलेला.

"तुम्ही गेलात आणि मला फार लागलं हो. म्हातारा आयुष्यभर खोकला, आणि म्हणे वरून घाला! आता बघा आणि नीट भाव सांगा."

सुतळीची गाठ सुटेना, म्हणून त्याने ती दातांनी तोडली. पान उघडलं.

पट्ट्यापट्ट्यांची जर्सी, छातीशी चेंडू. आणि गोलकीपर थेट त्याच्याकडे बघत होता. तपकिरी बुबुळं, बारीक पापण्या, दोन्ही डोळ्यांत उजेडाचा एकेक ठिपका. त्याने बोट जिभेला लावलं आणि घासलं. पुन्हा घासलं.

"पक्का रंग आहे, जायचा नाही," बाई कौतुकाने म्हणाल्या. "ग्रुप फोटोत ज्याचे ज्याचे डोळे मिटायचे, ते सगळे माझ्याकडेच यायचे."