एका दमातली ओळ

गाताना फोनच्या पडद्यावर उमटणारी सुराची हिरवी रेघ दुसऱ्या ओळीच्या मधेच तुटली. आयुषची तुटली, खुशबूची तुटली, धनराज सरांच्या सहाही मुलांची नेमकी त्याच जागी तुटली.

चंद्रपूरच्या त्या कॉलेजात पॉप गाण्याचे दोन वर्ग होते आणि आज दोन्हींची एकाच गाण्यावर परीक्षा होती. लोकेशच्या वर्गातली सहा मुलं कानात इअरफोन घालून, पडद्यावर सुराची रेघ बघत शिकली होती. सरांची सहा पेटीभोवती बसून, सरांच्या गळ्यामागं गळा लावत. ज्या वर्गाचं गाणं चांगलं, तोच जुलैपासून राहणार होता.

"फोनले कान कुठी असते रे?" असं म्हणून सर लोकेशला चिडवायचे. लोकेश त्यांचाच जुना विद्यार्थी. हसून सोडून द्यायचा. आज तो हसला नाही.

"सर, ही ओळ एका दमात घ्याची आहे," तो हळूच म्हणाला.

"एका दमातच शिकवली मी." सर उठून उभे राहिले. "करिष्मा, तू म्हण. मधात थांबू नको."

राजुऱ्याहून रोज बसनं येणाऱ्या करिष्मानं सरांकडे पाहिलं, डोळे मिटले आणि ओळ म्हटली. रेघ कुठंच तुटली नाही. पण तोवर परीक्षा घेणाऱ्या प्राचार्यबाईंनी कागदावर लोकेशचं नाव लिहिलं होतं.

सर मुलांना घेऊन आपल्या खोलीत आले. जिना चढून त्यांना धाप लागली होती. ती ओसरेपर्यंत मुलं दाराशीच थांबली.

"येते ना तुले! मंग काऊन थांबली होती?"

करिष्मा खाली बघत राहिली. "आदत झाली, सर."

"कशाची?"

"तुमी आमच्यासंग गाता. तिथी तुमचा दम तुटते. आमी पुढे गेलो असतो त तुमी एकटेच मागं राह्यले असते." तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "म्हणून सगळ्यायनं ठरवलं, तिथी थांबाचं."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून," आयुष म्हणाला.

दिवाळीपासूनच सर घरी सांगत होते, यंदाची पोरं माझ्यासंग काय बरोबर चालतात म्हणून.

ते पेटीपुढं बसले. "आता मी गात नाई. नुसती पेटी वाजवतो. तुमी म्हणा, एका दमात."

त्यांनी भाता ओढला आणि ओठ घट्ट मिटून घेतले. मुलं गाऊ लागली. दुसरी ओळ आली. त्या जागेवर सहाही आवाज थांबले.

पेटी एकटीच पुढे गेली.