पोहण्याचा तास

दिवाणखान्यातल्या सतरंजीवर चार मुलं पालथी पडून हातपाय मारत होती. आज गट सांभाळायची पाळी वैदेहीची होती. शेंगा सोलता सोलता ती कौतुकाने बघत होती.

शाळा बंद झाल्यापासून पाच-पाच मुलांचे गट असे घरोघरी भरायचे. कानामागच्या चकतीमुळे एक मूल जे शिकायचं, ते बाकीच्यांना आपोआप यायचं. पाचवा ओजस सध्या आजोळी होता. मामा त्याला पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकवत होता. या चौघांनी तर विहीर कधी पाहिलीही नव्हती.

"आई, आज डबा नाही बांधला," तिची मुलगी रेवा धापा टाकत म्हणाली.

"छान. म्हणजे आलंच की तुम्हाला."

 रेवाने ओठ घट्ट मिटले होते. चौघांचेही हात आता वेडेवाकडे, भराभर हवेत काहीतरी धरू बघत होते.

वैदेहीच्या मांडीवरची परात खाली पडली. तिने ओजसच्या आईला फोन लावला.

"शर्वरी, ओजस मामाबरोबर आहे ना?"

"दादा इथे जेवतोय. ओजस आत झोपलाय. का गं?"

"बघ. आधी जाऊन बघ."

फोनमधून शर्वरीच्या हाका ऐकू येऊ लागल्या. आधी घरातून, मग अंगणातून.

सतरंजीवर चौघांचे हात एकदम थांबले. रेवा शांतपणे उठून बसली.

"तास संपला वाटतं," ती म्हणाली. "तिकडून आता काहीच येत नाहीये."