पुढचा प्रश्न
होसकोट्याहून बेंगळूरच्या शिक्षण खात्याच्या कचेरीत दोन वर्षं खेटे घालून मालनबाईंनी परवानगी मिळवली होती. सत्त्याण्णवची सहामाही परीक्षा त्यांची अंध विद्यार्थिनी भूमिका लेखनिकाविना बोलणाऱ्या कॉम्प्युटरवर देणार होती. बाई प्रश्न वाचत, ती हेडफोनमध्ये आपलीच अक्षरं ऐकत उत्तर टाइप करी. मागे कचेरीतले साहेब उभे होते. यंत्र जरा अडलं तरी परवानगी रद्द, असं त्यांनी बजावलं होतं. तिसऱ्या उत्तराच्या मध्यावर स्क्रीन फडफडून काळीठिक्कर पडली. बाईंनी स्क्रीनचं बटण दाबलं, वायर हलवली, उजेड येईना. “सरी, ठीक आहे मॅडम, पुरे.” साहेबांनी पेनचं टोपण काढलं. “उद्यापासून लेखनिक द्या.” कीबोर्डची खटखट तेवढी चालू होती. मग तीही थांबली. भूमिकानं एका कानावरचा हेडफोन सरकवला. “मिस, गप्प का बसलात? चौथा प्रश्न वाचा ना.”