अमरनाथच्या फटफटीचं पासिंग

"हिला ब्रेकच न्हाई," शहेबाज मिस्त्री म्हणाला. "क्लच काढून टाकलाय. ॲक्सिलेटर तारेनं एका जागी बांधलाय. अमरभाऊ, ही चालायची कशी?"

"रिंगणात फिरायची. एकाच चालीवर," अमरनाथ म्हणाला. "खेळ संपला की पेट्रोल बंद करायचं."

शहेबाजने आदराने कान पकडला. त्याला काम शिकवणाऱ्या उस्तादांचं नाव निघालं की तो असाच कान पकडायचा. असा सर्कशीतला माणूस युसूफ वडगावसारख्या गावात आपल्या गॅरेजच्या दारात बसलाय, याचं त्याला कौतुक वाटलं.

गाडी जुनी, परदेशी बनावटीची, जेमतेम गुडघ्याएवढी. सर्कशीच्या मालकाने ती कापून-जोडून खेळासाठी करून घेतली होती. सर्कस मोडली तेव्हा जनावरं सरकारनं नेली, खुर्च्या मंडपवाल्यानं नेल्या, आणि कागदपत्रांसकट ही फटफटी अमरनाथच्या वाट्याला आली. अमरनाथची उंची साडेतीन फूट. साध्या मोटारसायकलवर त्याचे पाय लोंबकळत. हिच्यावरून मात्र ते जमिनीला टेकायचे.

"मुठींचं रबर पार फाटलंय," शहेबाज म्हणाला. "लई जोर लावायचा काय?"

"लागायचा जोर," अमरनाथ म्हणाला आणि पाणी प्यायला उठला.

घाईचं कारण शहेबाजला ठाऊक होतं. आप्पाराव ठेकेदाराला खेडोपाडी विजेची बिलं वाटायला माणूस हवा होता. त्याचं म्हणणं एकच होतं, "बुधवारच्या आरटीओ कॅम्पात गाडी पास करून आण, लायसन आण. न्हाईतर दुसरा माणूस उभाच हाय."

हे काम हुकलं तर अमरनाथला पुन्हा मंगल कार्यालयाचं दार होतं. सर्कस सुटल्यापासून तो तेच करत होता. लाल नाक, ढगळ कपडे, हातात गुलाबदाणी. वऱ्हाडी त्याला उचलून कडेवर घ्यायचे, फोटो काढायचे. गेल्या लग्नसराईत त्याची मुलगी वर्षाराणी मैत्रिणींबरोबर अशाच एका लग्नाला आली. तिने बापाकडे पाहिलं, त्याच्या हातून गुलाबपाणी घेतलं आणि आत गेली. घरी आल्यावर ती जेवली नाही.

"ते कपडे पुन्हा अंगात घालायची पाळी आली तर मी जगायचो न्हाई," अमरनाथने बायकोला सांगितलं होतं. कावेरीने ते कपडे त्याच दिवशी चुलीत घातले.

शहेबाजने जीव ओतला. भंगारातल्या लुनाचा दिवा बसवला, हॉर्न बसवला, मडगार्ड ठोकून काढलं. क्लच आणि ब्रेक मात्र अडून बसले. सामान बीडहून यायचं होतं आणि ते येऊन गाडीला बसेपर्यंत बुधवारच उजाडला.

"टेस्टचं कसं असतं, भाई?" अमरनाथने परत एकदा विचारलं. शिकाऊ लायसन त्याने आधीच काढलं होतं.

"कॅम्पात कोण चालवून बघतंय? गर्दी असती. सायेब सही मारून मोकळा. माझंबी तसंच निघालंय. आन् तुमी कावून भ्यायलाव? घ्या, बसा, ट्रायल मारा."

"तुमीच घ्या. तुमच्या हातचं काम हाय."

शहेबाज गुडघे कानापाशी घेऊन बसला. अमरनाथ उडी मारून त्याच्या मागे सीटवर उभा राहिला. कशालाही न धरता, दोन्ही हात पसरून. गाडी बाजारातून कॅम्पाकडे निघाली तशी भाजीवाल्या बायका हातातली पारडी सोडून बघत राहिल्या. पोरांनी शिट्ट्या मारल्या. मानलं पाहिजे गड्याला!

कॅम्पातल्या साहेबांनी मात्र गाडीकडे पाहून हात झटकला. "खेळणं आणलंय का? न्या बाजूला."

रांगेतली माणसं हसली. अमरनाथ पुढे झाला. "सायेब, हात जोडतो, बघून तरी घ्या. ह्ये न्हाई झालं तर लग्नाच्या दारात जोकर व्हऊन उभं राहावं लागंल मला. माझी पोरगी मोठी व्हायलीय, सायेब."

शहेबाज पुढे सरसावला. "सर्कशीतले कलाकार हायत हे! धा वर्षं ह्याच गाडीवर खेळ केलेत. ह्येंना रस्त्याचं काय कौतिक!"

"असं?" साहेब खुर्चीतून उठले. ब्रेक दाबून पाहिला, दिवा लावला, हॉर्न वाजवला. कागदावरचा नंबर गाडीवरच्या नंबराशी ताडून पाहिला आणि पासिंगची सही केली. अमरनाथच्या डोळ्यांत पाणी आलं. मग साहेबांनी लायसनचा कागद ओढला, पेन टेकवलं आणि थांबले.

"दुसरं कोणी असतं तर आतापर्यंत सही झाली असती," ते हसून म्हणाले. "पण सर्कशीतला माणूस आम्हाला रोज कुठं भेटतो? गाडीवरून एक आठचा आकडा काढून दाखवा, राव. मग सही."

लोकांनी आनंदाने गोल केला. कुणीतरी पोराला खांद्यावर घेतलं. शहेबाजने गाडी सुरू करून दिली आणि अभिमानाने बाजूला झाला.

अमरनाथ पुढच्या सीटवर बसला. त्याने मुठी धरल्या. एकदा डावीकडे पाहिलं, एकदा उजवीकडे. गाडी जागच्या जागी धडधडत राहिली. मग त्याने ती बंद केली, खाली उतरला आणि साहेबांपाशी येऊन हळू आवाजात म्हणाला, "सायेब, मी नुसता मागं उभा राहायचो. गाडी राणी चालवायची."

"राणी? म्हणजे तुमची बायको?"

"न्हाई, सायेब. आमचं अस्वल."