कुलपातली स्वच्छता

या, असे जवळ सरकून बसा. छोटीशीच गोष्ट आहे, मन लावून ऐका.

वृद्धाश्रमात त्या दिवशी स्वच्छतेची तपासणी होती. खालच्या मजल्यावरचा संडास सकाळीच घासूनपुसून झाला, नवा साबण ठेवला गेला, आणि मॅनेजरने दाराला कुलूप घालून किल्ली खिशात टाकली. तपासणीच्या बाई येऊन जाईपर्यंत आत कोणी पाऊल टाकायचं नाही. दुसरा संडास वरच्या मजल्यावर होता. पण जिना चढू शकणारं खाली कोणी राहतच नव्हतं.

हॉलमध्ये सगळे धुतलेले कपडे घालून ओळीने खुर्च्यांवर बसले होते. टेलरबाबांनी वॉकर पुढे ओढला.

"किल्ली द्या हो. निकड आहे."

"थोडा दम धरा, बाबा. बाई येतीलच."

"मी धरतो दम. पोट धरेल असं दिसत नाही."

मॅनेजरने खूण केली तशा कामवाल्या मावशी डायपर घेऊन आल्या. "आजच्या दिवस फक्त, बाबा."

"जन्मभर मी लोकांची मापं घेतली, मावशी. आता माझं घेऊ नका."

मावशींना हसू आलं. त्यांनी डायपर पाठीमागे लपवला. टेलरबाबा बंद दारापाशी जाऊन उभे राहिले, गुडघे घट्ट जुळवून.

बाई उशिराच आल्या. कुलूप निघालं. त्यांनी आत डोकावून पाहिलं. फरशी कोरडी, भांडं पांढरंशुभ्र, साबण अजून कागदात.

"छान ठेवलंय," बाई म्हणाल्या.

मॅनेजर दार ओढून घ्यायला लागला, तर मध्ये वॉकर आला.

"बाई, तुमचं बघून झालं असेल तर मी जाऊ का?"

"मला काय विचारता, बाबा? तुमचंच आहे हे."

"आमचंच आहे. किल्ली तेवढी यांची."

ते आत गेले. आतून कडी लागली.

बाहेर एक खुर्ची करकरली, पाठोपाठ दुसरी. काठ्या टेकत माणसं उठली आणि दारासमोर रांग लागली. बाईंनी रांगेकडे पाहिलं, मॅनेजरकडे पाहिलं आणि त्याच्यापुढे हात पसरला. त्याने मुकाट्याने किल्ली हातावर ठेवली.

आतून पाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. टेलरबाबा ओल्या हातांनी बाहेर आले आणि साबणाचा कागद त्यांनी मॅनेजरला दिला.

"चांगला आहे. फेस येतो."

सगळी रांग हसली.

खुर्च्यांच्या ओळीत एक आजी मात्र उठल्या नव्हत्या. मांडीवर शाल ओढून, खाली बघत त्या तशाच बसून होत्या. मावशी बादली आणायला गेल्या.

देव सगळ्यांचं भलं करो. टेलरबाबांना तुम्ही विसरणार नाहीच. त्या आजींची तेवढी आठवण ठेवा.