कोरी डिस्क

रुद्रेशनं कॉम्प्युटरवर झाकलेला टॉवेल काढला, घडी करून बाजूला ठेवला आणि विचारलं, "मामी, तुमी कधी उघडून बघितलंय का ह्यात?"

"न्हाई," शिवकांता म्हणाली. "आमचा नेमच हाय तसा."

नेम खरा होता. तिचे यजमान गुरुलिंगअण्णा बीडात वधू-वर सूचक केंद्र चालवायचे. लिंगायत समाजातली सगळी स्थळं ह्या कॉम्प्युटरात. चहाचा घोट घेतला की माणूस मोकळा व्हायचा. पोरीचं मोडलेलं लग्न, पोराची दारू, अंगावरचं कोड, सगळं अण्णांच्या कानात सोडायचा. शिवाय अण्णा स्वतः गावोगाव फिरून चौकशी करायचे आणि कळेल ते जसंच्या तसं आत लिहायचे. ज्याला सांगायचं त्यालाच सांगायचे. बायकोनंही पडद्याकडे बघायचं नाही, हे तिनं इष्टलिंगाला स्मरून कबूल केलं होतं. अण्णांना जाऊन वर्ष होत आलं, तरी ते मोडलं नव्हतं.

केंद्र बंद पडलं. लोकांचे फोन मात्र यायचेच, आमचं तेवढं काढून टाका म्हणून. उत्तरं देऊन ती थकली होती. हल्ली सोमवारचा उपवाससुद्धा अंगावर यायचा. मशीन विकून मोकळं व्हावं, एवढंच आता वाटायचं. पालीचा एक खतविक्या घ्यायला तयार होता. विकण्याआधी आतलं पुसायला हवं होतं, आणि पुसायला बसला होता नेमका होणारा जावई.

त्यानं आपणहून अंगावर घेतलं होतं. तिकडं आष्टीत त्याचा कॉम्प्युटरचा क्लास. त्याला डावलून दुसऱ्याला बोलवायचं तर काय सांगून?

तिच्या शिवांजलीला लहानपणी फिट यायच्या. औषधानं गेल्या, पुन्हा कधी आल्या नाहीत. पण अण्णांनी पोटच्या लेकीचंही झाकलं नव्हतं, तेही आत लिहून ठेवलं होतं. रुद्रेशला हे ठाऊक नव्हतं. सांगू सांगू म्हणत शिवकांताच्या तोंडून निघालंच नाही. आता त्याची नजर चुकून त्या नोंदीवर गेली, की तोंडावर आलेलं लग्न मोडलंच.

आणि स्थळ हातचं घालवण्यासारखं नव्हतं. मंडळी बिदरकडून आष्टीला येऊन राहिलेली, इकडं फारशी कुणाच्या ओळखीची नव्हती. पण रुद्रेशची आई मुक्ताबाई पहिल्याच भेटीत म्हणाली होती, आमची नोंद अण्णांकडं हाय. तेवढ्यावर शिवकांता निर्धास्त झाली. अण्णांच्या चौकशीतून गेलेलं स्थळ, आणखी काय बघायचं?

"कुणाचं वाचू नका," ती हळूच म्हणाली.

रुद्रेशनं पडदा भिंतीकडे वळवून घेतला. "कावून वाचू, मामी? लोकाच्या लेकीबाळींचं हाय."

तिच्या जिवात जीव आला.

मग त्यानं तिला समजावून सांगितलं. नुसतं काढून टाकलं तर नाव जातं, मजकूर आत तसाच राहतो. फॉरमॅट केलं तरी जाणता माणूस तो परत वर काढतो. खरं मिटवायचं तर त्याच जागेवर दुसरं काहीतरी लिहायचं, डिस्क गच्च भरेपर्यंत. काय लिहू, असं त्यानं विचारलं. तिला एकच सुचलं.

"नमः शिवाय लिहा."

तो हसला. त्यानं पंचाक्षरी लिहिली आणि तिच्या नकलांवर नकला काढत सुटला. शिवकांता जपमाळ घेऊन दाराशी बसली. आतल्या डब्यात देवाचं नाव भरत चाललंय आणि त्याच्याखाली साऱ्यांची दुखणी बुजत चालली आहेत, हे तिला फार बरं वाटलं.

शिवांजली पाण्याचा तांब्या ठेवून गेली. जाता जाता म्हणाली, "आई, लग्नाआधीच धुण्याला बसवलंस का गं त्यांना?"

दुपारी लाइट गेली. झालं तेवढं पुरे, जेवून घ्या, म्हणून शिवकांतानं विनवलं. तो ऐकेना. अर्धवट राहिलं तर केलेलं फुकट, म्हणाला. लाइट येईपर्यंत खुर्चीतून हलला नाही, आणि आली तसं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. डिस्क भरली, पुसली, परत भरली. शर्ट पाठीला चिकटला होता. परक्याच्या अब्रूसाठी इतकं कोण करतं? तिला अण्णांची आठवण झाली आणि डोळे भरून आले.

दिवेलागणीला तो उठला.

"आता ब्रह्मदेवाला बी वाचता येणार न्हाई, मामी."

दुसऱ्या दिवशी मशीन पालीला गेलं. त्या रात्री तिला वर्षभरात पहिल्यांदा गाढ झोप लागली.

लग्न साधंच झालं. अक्षता पडल्या, पंगती उठल्या. नवरानवरीची जीप धुरळा उडवत आष्टीच्या रस्त्याला लागली. शिवकांता मांडवाच्या खांबाला धरून उभी होती; पाय दुखत होते, पण मन हलकं होतं. मागच्या गाडीत बसायला निघालेली मुक्ताबाई परत फिरली. तिनं शिवकांताचे दोन्ही हात हातात घेतले. तिचे डोळे सुजले होते.

"इहीणबाई, लई मोठं मन हाय तुमचं," ती कुजबुजली. "रुद्रेश म्हणला मला, मामींनी मशीनमधलं सगळं वाचलंय, त्याच्या पहिल्या बायकोनं कावून पेटवून घेतलं ते सुदिक, आन् तरीबी लेक देतात."